फ्लॉपीला लागलेली हळद

मी एक जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे आणि मला घाण खपत नाही. हे आधीच सांगितलेले बरे, कारण माझे सारे आयुष्य आटपाडीत गेले. तिथली धूळ पाहुणी नव्हे, घरचीच. त्यात माणसे चहाचा कप माझ्या डोक्यावर ठेवत आणि बिस्किटाचा चुरा माझ्या पोटात सांडत. शी!

मित्रांनो, माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे कामगार पांढरे हातमोजे घालत. ते दिवस आठवले की अजून जीव हळहळतो. माझी कंपनी इतकी लहान, की साताऱ्याच्या दुकानदाराला तिचे नाव धड उच्चारता येत नसे. त्याने तसले दोनच प्रिंटर विकले. एक कोयनानगरच्या एका पतसंस्थेला गेला आणि दुसरा, म्हणजे मी, प्रियदर्शनीच्या वाट्याला आलो.

प्रियदर्शनी सांगलीहून संगणक शिकून आली होती. हंबीररावांच्या घराचा रस्त्याकडचा गाळा घेऊन तिने टायपिंगचे काम सुरू केले. "पोरगी दिवाळीपतुर गाशा गुंडाळंल," असे तिचे नातेवाईकच म्हणत. तिने ते मनावर घेतले नाही. हायस्कूलच्या दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर छापायचे काम तिने मिळवले. ते नीट झाले तर शाळेचे सगळे काम तिच्याकडे येणार होते. नाही झाले, तर नातेवाईक खरे ठरणार होते.

घरमालक हंबीरराव फौजेतून हवालदार होऊन आलेले. ते रोज खुर्ची टाकून आमच्यापाशी बसत आणि माझ्यासमोर तंबाखू मळत. चुन्याची ती बोटे पाहून मला किळस यायची. पण माणूस मायेचा होता, हे मलाही मान्य करावे लागते.

आता ड्रायव्हर म्हणजे काय ते ऐका. संगणकाचे बोलणे मला कळावे म्हणून मध्ये एक छोटा प्रोग्राम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. माझा ड्रायव्हर एका फ्लॉपीवर, माझ्याच खोक्यातून आला होता. प्रियदर्शनीने तो संगणकात भरला आणि फ्लॉपी खणात ठेवली.

दसऱ्याच्या आधीच ती घरच्यांबरोबर धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरला गेली. किल्ली हंबीररावांकडे होती. खंडेनवमीला त्यांनी ट्रॅक्टर पुजला, विळे-कोयते पुजले आणि मग त्यांना आमची आठवण झाली. "पोरगी गावाला गेली म्हणून तिची हत्यारं बिनपूजेची ऱ्हायची व्हय?" असे म्हणत ते आत आले. संगणकाला कुंकू लावले. मला झेंडूचा हार घातला. त्याच्या ओल्या पाकळ्या माझ्या दात्यांत अडकल्या. मग त्यांनी खण उघडला, फ्लॉपी काढली आणि तिची चकचकीत पत्र्याची झडप सरकवून आत पाहिले. "आतलं बी यंत्रच हाय की," म्हणाले, आणि त्या नाजूक काळ्या तबकडीवर भक्तिभावाने हळद-कुंकवाचे बोट टेकवले. मला बोंब मारता आली असती, तर ती पार खानापुरापर्यंत ऐकू गेली असती.

परतल्यावर प्रियदर्शनीने केसांच्या पिनेने एकेक कुजकी पाकळी काढली. फ्लॉपी मात्र तिने पाहिलीच नाही.

परीक्षा तोंडावर आली आणि संगणकात व्हायरस शिरला. सांगलीहून साईराज नावाचा मेकॅनिक आला. त्याने सगळे पुसून नव्याने भरले. संगणक सुरू झाला, पण मला ओळखीना.

"फ्लॉपी हाय न्हवं?" साईराजने विचारले.

फ्लॉपी आत गेली, घरघरली आणि थांबली. प्रियदर्शनीने ती काढून झडप सरकवली. आत पिवळा-तांबडा राप धरलेला. दारातल्या खुर्चीतून हंबीररावांनी तो पाहिला. तिने झटकन झडप मिटली.

"जुनी झाली, आबा. खराब हुत्यात ह्या," ती म्हणाली.

धडधडीत खोटे! मी संतापलो.

साईराज म्हणाला, "दुसऱ्या कंपनीचा ड्रायव्हर टाकतो. प्रिंटर म्हंजी प्रिंटरच, ताई."

मित्रांनो, त्यानंतर माझ्या तोंडून जे बाहेर पडले ते आठवले तरी मला शिसारी येते. इतिहासाच्या पेपराऐवजी बदाम, हसरी तोंडे, तुटक्या रेघा आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा! एक ओळ छापायची आणि कोरा कागद भसकन बाहेर फेकायचा. मला थांबताही येईना. "तुमचा प्रिंटरच गेलाय," असे मलाच ऐकवून साईराजने सांगलीची एसटी धरली.

प्रियदर्शनीने एसटीडी बूथवरून साताऱ्याच्या दुकानदाराला फोन लावला. त्याच्याकडे ड्रायव्हर नव्हता, पण कोयनानगरच्या माझ्या भावाचा पत्ता त्याने दिला. पेपर सोमवारी सकाळी शाळेत हवे होते आणि तिचे टायपिंग अजून राहिले होते.

हंबीरराव उठले. "तू तुजं टायपिंग कर. म्या जातो."

शनिवारी पहाटे ते निघाले. कराडला गाडी बदलून, पाटणच्या पुढची वळणे पार करून पोचले, तर पतसंस्था बंद झालेली. तिथला कारकून नाथाजी याचे घर त्यांनी शोधून काढले, त्याला कुलूप उघडायला लावले आणि फ्लॉपीची नक्कल करून घेतली. रविवारी दुपारी ते परतले. हातात स्टीलचा डबा, डब्यात धुतलेला रुमाल आणि रुमालात फ्लॉपी.

"काल धरनं तंबाखूला हात लावला न्हाई," ते म्हणाले.

फ्लॉपी आत गेली. संगणकाने मला माझ्या नावाने हाक मारली आणि मी छापले, "इयत्ता दहावी, विषय इतिहास." काना, मात्रा, वेलांटी सगळे जागच्या जागी. प्रियदर्शनीच्या डोळ्यांत पाणी आले.

हंबीरराव उंबऱ्यातच उभे होते. "ती हळद माजी हुती, पोरी. तवाच का बोलली न्हाईस?"

"बोलले असते, तर तुमी परत आत आलाच नसता, आबा," ती म्हणाली.

ते आत आले, बसले आणि माझ्यातून येणारे कागद कडेला धरून एकावर एक लावू लागले. त्यांचा हात मला लागत होता. मला किळस यायला हवी होती. आली नाही.

शाळेचे काम पुढे वर्षानुवर्षे टिकले. आता मी माळ्यावर आहे आणि माझ्यावर पाल फिरते, ते जाऊ द्या. मित्रांनो, यंत्राबरोबर ड्रायव्हर मिळाला की त्याची नक्कल काढून ठेवा, आणि हात धुतल्याशिवाय तिला शिवू नका. तरीही कुणाच्या हातून चूक झालीच, तर ओरडण्याआधी प्रियदर्शनीसारखा विचार करा. फ्लॉपी कोयनानगरला तरी मिळते. दारातून परत गेलेला माणूस आणायला मात्र कुठलीच एसटी नाही.