वाकलेला माथा

क्योटोला उतरल्यापासून कुमुदताईंच्या प्रत्येक आशीर्वादागणिक त्यांच्या लेकीचं, मैथिलीचं, एक वर्ष कमी होऊ लागलं.

यंदाच्या चातुर्मासात कुमुदताईंनी नेम धरला होता, की समोर वाकलेला माथा आशीर्वादावाचून जाऊ द्यायचा नाही. सांगलीत तो सहज निभला. तिथे दिवसाकाठी वाकून वाकणार कोण, तर शेजारची नवी सून. इथे तिकीट तपासनीस वाकला, जेवणाचे डबे विकणारी वाकली, टॅक्सीवाला तर दोनदा वाकला.

"औक्षवंत हो," कुमुदताई हळूच म्हणत.

"आई, तो नमस्कार नाही गं. रीत आहे त्यांची." निघताना मैथिली चौतीस वर्षांची होती, आता तिशीची.

"कशानं का वाकेना. रिकामं कसं पाठवू?"

"माझ्यातलं जातंय ते."

"दिसतंय मला."

दिसतच होतं. बांबूच्या बनात तिचं पुण्यात शिकलेलं जपानी गेलं, पाट्या वाचता येईनात. कॉलेजातली फटकळ मैथिली देवळाच्या पायऱ्यांवर भराभर सरली. मग दोन वेण्या आल्या, लाल रिबिनी आल्या, पुढचे दोन दात पडले. कुमुदताईंना मनातून बरं वाटत होतं आणि त्याचीच लाज वाटत होती. किती वर्षांनी लेक कडेवर बसली होती. मेपलची लाल पानं तिच्या केसांत अडकत होती.

"आई, हे सगळे तुला बाप्पा समजतात?"

"नाही गं शोने. वळण चांगलं आहे त्यांना."

डोंगरातल्या सराईच्या दारात चार बायका ओळीनं वाकल्या. मैथिली सात वर्षांची होती. चौघींना आशीर्वाद देऊन झाला तेव्हा ती तीन वर्षांची उरली. कडेवरून घसरून ती खाली उतरली, त्या बायकांकडे नीट बघून घेतलं आणि आईपुढे वाकली.

कुमुदताई थबकल्या. नेम मोडायचा नव्हता, आणि तिचंच काढून तिला देण्यात अर्थ नव्हता.

"माझं आयुष्य तुला लाभो," त्या म्हणाल्या.

मैथिली चार वर्षांची झाली. तिला खेळच मिळाला. ती वाकत राहिली, कुमुदताई देत राहिल्या. आधी त्यांचा गुडघा दुखायचा थांबला, मग केस काळे झाले. मैथिलीला पाट्या वाचता येऊ लागल्या. ती पुन्हा चौतिशीला पोचली तेव्हा दोघी पाठच्या बहिणी दिसत होत्या.

"पुरे, आई. आलं माझं मला."

"तू वाकू नकोस म्हणजे झालं."

"माझं वय वाढलेलं मला कळतंय. तू किती कमी झालीस बघ."

"झाले तर झाले. माझं लाभो तुला."

"अगं, पाया पडते तुझ्या, नको," असं म्हणत मैथिली वाकलीच.

दर खेपेला ती विनवी आणि विनवताना वाके. तिच्या भांगात पांढरं दिसू लागलं. सराईच्या बायका बाजूला होऊन खाली बघत उभ्या राहिल्या.

"पाया पडते, आई," मैथिली रडत पुन्हा वाकली, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायला कुमुदताईंना टाचा उंच कराव्या लागल्या.