बोटभर मागे

या, असे जवळ येऊन बसा. खांदे सैल सोडा, श्वासाला घाई करू नका. आज तुम्हाला एका हृदयाची गोष्ट सांगतो. ते कुणावर जडलं नाही की कुणासाठी तुटलं नाही. त्याला फक्त बोटभर मागे सरायचं होतं. आता तुम्ही म्हणाल, देवाने जिथे ठेवलं तिथून हृदय हलतं का कुठे? अहो, ऐका तर खरं.

एका गल्लीत एक टेलरबाई होती. जिभेला हाड नाही म्हणतात ते तिच्यासारख्यांसाठीच. ओठांत टाचण्या धरल्या तरी उरलेल्या कोपऱ्यातून बोलायची. तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, गाठ गेली, टाके सुकले. आता राहिले होते किरण. गाठीच्या जागी एखादी चुकार पेशी लपून राहिली असेल, तर ती जाळून टाकणारे किरण.

"गाठ होती ती जागा डावीकडची," किरणांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि तिच्या अगदी मागे तुमचं हृदय. भिंतीला भिंत लावून शेजारी राहतात म्हणा ना."

"मग शेजाऱ्याला जरा सरकायला सांगा की."

डॉक्टरीणबाई हसल्या. "तेच सांगणार आहोत, पण निरोप तुम्ही न्यायचाय. तुम्ही छाती भरून श्वास घेतलात की फुप्फुस फुगतं आणि हृदय मागे सरतं. तो श्वास धरून ठेवायचा. तेवढ्यातच आम्ही किरण सोडतो. श्वास सुटला की किरण आपोआप बंद. अशा थोड्या थोड्या घोटांत रोजचा उपचार पुरा करायचा."

"म्हणजे गप्प पडायचं?" हा प्रश्न टेलरबाईचा नव्हता. तो तिच्या धाकट्या नणंदेचा होता. ती बरोबर आली होती. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजाची बाई. "डॉक्टर, आमची वहिनी भूल दिल्यावरसुद्धा बोलत होती म्हणे!"

"वन्सं, तुम्ही बाहेर बसा बरं," टेलरबाई म्हणाली.

सरावाचा दिवस आला. जाड दाराची ती खोली गार होती. छतात उजेडाच्या चौकोनांवर आभाळाचं चित्र लावलेलं, कडेला झाडाची पानं. टेबलावर उताणं झोपून दोन्ही हात डोक्यावर नेऊन आधारात ठेवायचे, डोळ्यांवर चष्मा. चष्म्यात एक पिवळी पट्टी. श्वास घेतला की ती वर चढायची, सोडला की उतरायची. वर एक हिरवी चौकट होती. पट्टी चौकटीत न्यायची आणि विसापर्यंत मोजून होईतो तिथेच ठेवायची. इतकंच. पण काही केल्या ते जमेना. आधी तिला हसू फुटलं. मग पट्टी चौकटीत पोचली, तर मशीनवरच्या मुलीचा आवाज आला, "मावशी, पाठ उचलताय तुम्ही. पाठ टेबलावर राहू दे, छाती भरू दे." पुन्हा श्वास घेतला तर खांदे वर गेले. त्याच्या पुढच्या वेळी तिच्या मनात आलं, हृदय खरंच सरकलं असेल का? नसेल तर? आणि पट्टी पाण्यात दगड बुडावा तशी खाली गेली.

"सोमवारी अजून एकदा बघू. जमलं तर लगेच किरण सुरू करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाहीच जमलं तर साध्या श्वासावर करू. उपचार चुकणार नाही. पण हृदयाच्या कडेला थोडे किरण लागतील. त्याचा त्रास झालाच तर आज होत नाही, पुष्कळ वर्षांनी डोकं वर काढतो. तुम्हाला अजून पुष्कळ वर्षं जगायचंय, म्हणून ही खटपट."

घरी आल्यावर नणंदेने तिला पलंगावर आडवं केलं आणि घड्याळ घेऊन उशाशी बसली. संध्याकाळचं ऊन भिंतीवर तिरपं आलं होतं. घे, धर, सोड. घे, धर, सोड. शेवटी टेलरबाई उठूनच बसली.

"जाऊ द्या वन्सं. इतक्या बायकांनी साध्याच श्वासावर घेतले ना किरण? त्या काय मेल्या?"

नणंदेने घड्याळ पालथं ठेवलं.

"आईने घेतले होते," ती म्हणाली. "तू लग्न होऊन यायच्या आधी. डावीकडेच."

टेलरबाईला सासूबाई आठवल्या. गाठ परत कधी आली नाही त्यांची. दरवर्षी दवाखान्याचं बोलावणं यायचं. 'मी चांगली ठणठणीत आहे, मेले कशाला बोलावतात?' असं पुटपुटत, ठेवणीतली साडी नेसून त्या जायच्याच. पुढे पुढे मात्र जिना चढताना मधल्या वळणावर बसायला लागल्या. सगळे म्हणायचे, वय झालं. मग एके दिवशी त्यांचं हृदय थकून थांबलं.

"मी आज विचारलं डॉक्टरांना," नणंद म्हणाली. "आईचं त्यामुळेच झालं का? म्हणाल्या, एकीचं असं सांगता येत नाही. पण आईसारख्या हजारो जणी वर्षानुवर्षं तपासायला येत राहिल्या. सगळ्यांची माहिती शेजारी शेजारी मांडली, तेव्हा कुठे दिसलं, की डाव्या बाजूला किरण घेतलेल्या बायकांची हृदयं जास्त दमतात. ते दिसलं म्हणून ही श्वासाची युक्ती निघाली." तिने पालथं घड्याळ पुन्हा सरळ केलं. "तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं गं. आता माहितीये. आणि तू म्हणतेस, जाऊ द्या!"

टेलरबाईने तिचा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी दुकानात निळं सॅटिन बेतायचं होतं. सॅटिन म्हणजे मासा. धरावं तिकडून निसटतं. टेलरबाईने ते टेबलभर पसरलं, तळव्याने निवांत केलं, खडूची रेघ मारली आणि कात्री चालवली. नणंद स्टुलावर बसून काहीबाही सांगत होती. उत्तर येईना, म्हणून तिने पाहिलं. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कात्री एकाच लयीत गेली. खांदे खाली, पाठ सरळ, छाती भरलेली आणि निश्चल. शेवटचा धागा तुटला तेव्हा वहिनीने हुश्श केलं.

"वहिनी, आत्ता तू जिवंत होतीस का?"

"म्हणजे?"

"श्वासच घेतला नाहीस! मी मोजलं ना मनात. वीस कधीच होऊन गेले."

टेलरबाईने कात्री टेबलावर ठेवली. जन्मभर ती असंच कापत आली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. सोन्यासारखं कापड समोर असताना श्वासाकडे कोण बघतो?

"दे इकडे, मी कापून बघते," नणंदेने उत्साहाने कात्री उचलली.

"हात लावाल तर बघा! तुम्ही मागे उशीचा अभ्रा कापलात, त्याचं बेट झालं होतं, चारी बाजूंनी समुद्र."

सोमवारी ती मोठ्या विश्वासाने टेबलावर झोपली. डोळे मिटले, मनात निळं सॅटिन अंथरलं, श्वास घेतला. पट्टी अलगद हिरव्या चौकटीत जाऊन बसली. आणि डोक्यावरच्या हाताची बोटं चालायला लागली. कचक, कचक. बोटांमागून मनगट, मनगटामागून खांदा. पट्टी थरथरली.

"मावशी, हात हलतोय!"

पुन्हा केलं, पुन्हा बोटं चालली. कात्री म्हटलं की हात तिचं ऐकेना. डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे ओघळलं. हात वर बांधल्यासारखे, त्यामुळे पुसताही येईना.

तेवढ्यात छतातून ओळखीचा आवाज आला. बाहेरच्या पडद्यावर तिची चालणारी बोटं बघून नणंदेने मशीनवाल्या मुलीच्या हातापाया पडून माइक मिळवला होता.

"वहिनी, ऐक. कात्री माझ्याकडे दे."

"काय?"

"तू नुसतं कापड सपाट धर. कापणार मी."

"वन्सं, सॅटिन आहे ते!"

"म्हणूनच म्हणते, नीट धर. जरा हललीस तर बेट होईल. घे श्वास. हं, चालले मी."

आता तुम्हीच सांगा, जिने आयुष्यात सरळ रेघ कापली नाही तिच्या हाती आपलं सॅटिन दिल्यावर कुणाचा श्वास जागच्या जागी राहणार नाही? टेलरबाई मनातल्या मनात दोन्ही तळवे कापडावर ठेवून स्तब्ध झाली. बोट हलेना, पापणी हलेना. पिवळी पट्टी चौकटीत शिरली आणि तिथेच झोपी गेली.

कुठेतरी मशीन गुणगुणू लागलं. निळं कापड लांबत गेलं. टेबल संपलं तरी ते संपलं नाही, भिंतीतून बाहेर पडलं, छतातल्या आभाळाला जाऊन मिळालं. नणंद कापत कापत पुढे चालली होती आणि नवल म्हणजे सरळ चालली होती. कापडाच्या काठाने पुष्कळ बायका उभ्या होत्या, ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या. प्रत्येकीने आपापल्या जागी काठ चिमटीत धरला होता. त्यांच्यात सासूबाईही होत्या. कापडाला पडलेली एक चुणी त्यांनी तळव्याने मोडली. आणि टेलरबाईला आपल्या आत, खूप आत, कुणीतरी दिवा उचलून वाऱ्यापासून थोडा मागे ठेवल्यासारखं वाटलं.

"सोडा मावशी, श्वास सोडा. झालं!"

तिने श्वास सोडला. मग पुन्हा घेतला, पुन्हा नणंद कापत गेली. सगळे घोट पुरे झाले.

बाहेर डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दोन चित्रं दाखवली. एकात, साध्या श्वासात, हृदय छातीच्या भिंतीला टेकलेलं. दुसऱ्यात त्या दोघांमध्ये काळी फट.

"हे आजचं. किरण इथून गेले आणि हृदय इथे राहिलं."

टेलरबाईने वाकून पाहिलं. "एवढीशीच जागा? शिवणीला सोडतो तेवढीच की!"

"तेवढी पुरते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नणंद पडद्याजवळ गेली. त्या काळ्या फटीसमोर तिने बोट धरलं, काचेला न लावता, आणि बराच वेळ तसंच ठेवलं. टेलरबाई तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दोघींनी एकदमच श्वास घेतला.

उपचार पुरे झाले. टेलरबाईची दुकानातली बडबड पुन्हा सुरू झाली आहे, आणि तिला दरवर्षी तपासायला बोलावणं येतं. श्रेय द्यायचं तर देवाला द्या, डॉक्टरांना द्या, नणंदेलाही द्या. पण इतकं जवळ बसून ऐकलंत तर माझी एक विनवणी आहे. आज निजताना एक श्वास छातीभर घ्या, आणि तो आत असेपर्यंत त्या सासूबाईंना आठवा. ज्या बऱ्या झाल्या होत्या, बोलावणं आलं की कुरकुरत का होईना जात होत्या, आणि आपल्या तपासणीला जाण्यातून कुणाला काय मिळणार आहे हे ज्यांना कुणी सांगितलं नाही, त्यांना.