सुताराच्या घराचं कुंपण

पहार मुरमावर आपटली की ठिणगी उडायची, अन् मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या जायच्या. सकाळपासून सुतारीणबाईचा हा तिसरा खड्डा. वरची वीतभर माती ठीक होती, खाली मात्र जमीन अशी घट्ट की जणू कुणी हट्टानं दाबून बसवलेली. ऊन डोक्यावर आलं होतं. खड्डा अजून गुडघाभरसुद्धा झाला नव्हता.

शेजारची गिरणीवाली रस्त्यात थांबली. "अगं, चार दिवस माणूस लाव की. खालच्या आळीतला सुतार देईल कुंपण उभं करून."

"सुताराच्या घरी दुसरा सुतार बोलवू? गाव काय म्हणेल?"

"गावानं काय म्हणायचं राहिलंय आता?"

सुतारीणबाईनं पुन्हा पहार उचलली. तिच्या कमरेला दोरी बांधलेली होती, अन् दोरीचं दुसरं टोक ओंडक्यावर बसलेल्या नवऱ्याच्या कमरेला होतं. येणारा-जाणारा ते बघायचा, अन् मुकाट मान वळवून पुढं व्हायचा.

अर्ध्या गावाची दारं या माणसानं केलेली. खाटा, बैलगाड्या, पाळणे, शाळेची बाकं. स्वतःच्या घराला कुंपण घालायचं तेवढं राहून गेलं. बायकोनं आठवण केली की म्हणायचा, "आपलंच आहे, करू सावकाश." मग दोन वर्षांपूर्वी त्याला विसर पडायला लागला. आधी हत्यारांची नावं गेली, मग घराकडची वाट, अन् शेवटी बायकोच. आता तो तिला 'बाई' म्हणायचा. कुणाच्या तरी घरी कामाला आलोय, एवढंच त्याच्या डोक्यात असायचं.

तिची पाठ वळली की तो निघालाच. गेल्या महिन्यात म्हशी राखणाऱ्यानं त्याला कालव्याच्या काठावर धरला, तेव्हा एक पाय पाण्यात होता. "पलीकडं चौकट पोचवायचीय," म्हणत होता.

लेकीनं फोनवर सांगितलं, दाराला कुलूप घाल. तेही करून झालं. म्हाताऱ्यानं आतून दिवसभर दारावर मुठी आपटल्या. पण दार त्याच्याच हातचं, ते कसलं हलतंय? संध्याकाळी उघडलं तर बोटांची सालं निघालेली. त्याला घास भरवता भरवता तिनं ठरवलं, कोंडायचं नाही. कुंपण घालायचं. अंगणात फिरू दे खुशाल, अन् आपल्यालाही घटकाभर पाठ टेकता येऊ दे. आठ महिने झाले होते, तिला सलग झोप म्हणून नव्हती.

लाकूड घरामागं पत्र्याखाली पडून होतंच. जुन्या चौकटी, उरलेल्या फळ्या, मोडक्या गाडीच्या दांड्या. पण चाळीस वर्षं नवऱ्याची करवत बघणं वेगळं, अन् ती हातात धरणं वेगळं. करवत मधेच अडायची. खिळा वाकायचा. डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं होऊन गळून पडलं. कंबर तर रोज अंथरुणावरून उचलून आणावी लागे.

सहाव्या दिवशी ती एक खांब खड्ड्यात उभा करत होती, तोच म्हातारा ओंडक्यावरून उठला. एक डोळा मिटून खांबाकडं बघितलं.

"बाई, हा कुण्या गाढवानं उभा केलाय?"

"मी."

"मग ठीकाय. तुम्हाला कोण शिकवणार?" त्यानं तळव्यानं खांब बोटभर सरकवला. "आता धरा असा. धोंडे खाली, माती वर, अन् पाणी घालून धुमसून घट्ट करा."

त्यानं सांगितलं तसं तिनं केलं. खांब खरंच ताठ बसला. पण तोवर तो पुन्हा ओंडक्यावर जाऊन बसला होता.

"एवढं कुंपण कशाला, बाई? आत सोनं पुरलंय का?"

"आहे थोडं. जुनं, काळं पडलेलं."

"अन् मालक? घरात आहेत का?"

"कधी असतात, कधी नसतात," ती म्हणाली अन् पहारीला हात घातला.

बाराव्या दिवशी दुपारी फाटक लागलं. कुंपण कसलं, म्हाताऱ्या माणसाचे दात. एक उंच, एक बुटका, एक तिरका. पण उभं होतं. तिनं फाटकाची कडी बाहेरून घातली, हात आत ओढून घेतला अन् दोघांच्या कमरेची दोरी सोडली.

म्हातारा फळ्यांवरून हात फिरवत सगळीकडून फिरला. फाटकाशी आला. हलवून बघितलं.

"बाई, उघडा. माझं काम खोळंबलंय."

"आज सुट्टी आहे."

"कामाला कसली सुट्टी?" त्यानं पुन्हा हलवलं. मग आणखी जोरात.

तिला ते बघवेना. ती पायरीवर भिंतीला टेकून बसली अन् तोंड दुसरीकडं वळवलं. हत्यारं गोळा करायची होती. उठते, उठते म्हणता पापणीला पापणी कधी लागली ते तिला कळलंच नाही.

जाग आली तेव्हा ऊन कलून छपराच्या टोकाला गेलं होतं. फाटकाचा आवाज नव्हता. तिनं वळून बघितलं. कुंपणाला दाराएवढं भगदाड पडलं होतं. पलीकडं रस्ता, अन् रस्ता थेट कालव्याकडं जाणारा.

"अहो!" ती ओरडतच धावली. पायरीवरून ठेचकाळली, गुडघा फुटला, तशीच उठली.

तो भगदाडातच बसला होता. रस्त्याकडं पाठ, मांडीवर फळी आडवी अन् हातात करवत. काढलेल्या फळ्या शेजारी ओळीनं ठेवलेल्या, अन् उपटलेले खिळे टोपीत गोळा केलेले.

"ओरडता कशाला, बाई? फळ्यांची डोकी सपाट ठेवलीत. पाणी साचून दोन वर्षांत कुजतील. उतार नको द्यायला?" करवत पुन्हा चालू झाली. तिच्या हातात अडणारी करवत त्याच्या हातात पाण्यासारखी चालत होती.

ती तिथंच मातीत बसली. रडावं की हसावं ते कळेना, म्हणून नुसतीच बसून राहिली. मग तिनं कुंपणावरून नजर फिरवली. शंभरावर फळ्या होत्या. अन् दुपारभरात त्याच्या तीनच झाल्या होत्या. म्हणजे महिनाभर तरी त्याला कुठं जायला सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाली कुंपणाशी थबकली. म्हातारा कालचीच फळी पुन्हा उपटत होता.

"अगं, हे बांधतायत का मोडतायत?"

"दोन्ही," सुतारीणबाई वाकडा खिळा दगडावर ठोकून सरळ करत म्हणाली.

"अन् तू बघत बसणार?"

"बसतेय कुठली? खिळे कोण सरळ करणार मग?"

"बाई," म्हातारा मागं न बघता म्हणाला, "गप्पा पुरे. हे टोक धरा."

ती उठली, कंबर सरळ केली अन् टोक धरलं.