चांदीचं नाणं आणि मातीतली वाटी

थोरलीला पहिली मुलगी झाली, त्या वर्षीची गोष्ट. लेकीचं बाळंतपण उरकून सुतारीण परतली, तर अंगणात ही गर्दी! मधोमध नवरा बाकावर बसलेला आणि नाण्याने अळंबी पारखून देणारा गावचा रुपेबाबा त्याच्या डोक्यावरून चांदीचं नाणं ओवाळतोय.

"काल दिवसभर उलट्या-जुलाब, आज बघा, ठणठणीत!" बाबा गरजला. "याने खाल्लेली अळंबी विषारी असती तर शिजताना पातेल्यात नाणं काळं पडलं असतं. पडलं?"

"नाही! लख्ख निघालं!" लोक म्हणाले.

"मग उलट्या कशाच्या?" सुतारिणीने विचारलं.

"वनदेवीची परीक्षा! पास झाला गडी."

"अगं, भूकसुद्धा लागलीय," सुतार हसला. "नातीचा पाळणा आजच घेतो करायला."

तिचं मन मानेना. ती तडक डॉक्टरीणबाईंना घेऊन आली.

"खाल्ल्यावर किती वेळाने उलट्या?"

"परवा रात्री खाल्ली, काल उजाडता उजाडता सुरू," सुतार म्हणाला.

बाईंचा चेहरा उतरला. "इतक्या उशिरा सुरू झाल्या म्हणजे विष जीवघेणं असणार. आधी दवाखान्याची गाडी बोलवा. अळंबी उपटली होती की कापली?"

"कापली. मुळासकट उपटली की जंगल कोपतं, असं बाबा सांगतात."

अळंबी कापली ती जागा कुंपणापलीकडेच होती. बाईंनी खुरप्याने माती उकरली. कापलेल्या दांड्याखाली पांढरी, वाटीसारखी पिशवी निघाली. शेजारीच एक अख्खी अळंबी उभी होती : छत्रीखाली पांढऱ्या पट्ट्या, दांड्याला कडं.

"हिची पक्की खूण ही वाटी. तीच तुम्ही मातीत ठेवून येता. आजचं बरं वाटणं फसवं आहे. विष आत यकृत पोखरतंय."

"आणि आमचं नाणं खोटं?" बाबा खवळला.

बाईंनी ती अळंबी ठेचून गरम पाण्यात घातली आणि त्यात नाणं टाकलं. लख्खच राहिलं. मग उकडलेल्या अंड्याच्या गरम बलकात खुपसून ठेवलं. सुतारिणीची नजर रस्त्यावर खिळलेली. गाडीचा पत्ता नव्हता. थोड्या वेळाने नाणं काढलं, तर काळपट!

"अंड्यात विष आहे, बाबा?"

"बा... बाटलेलं असेल!"

बाईंनी दुसरं अंडं सोलून त्याच्यासमोर खाल्लं. "अंड्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते. या विषाचा नि चांदीचा काही संबंध नाही."

गाडी आली तेव्हा बाबा केव्हाच पसार झाला होता.

सुतारीण आजही सगळ्यांना एवढंच सांगते : खात्रीने ओळखता येत नाही, ती अळंबी खाऊ नका. खाल्लीच आणि त्रास झाला, तर बरं वाटलं तरी दवाखाना गाठा. चांदीला विचारू नका, जाणत्याला विचारा.

सुतार चौथ्या दिवशी, सोमवारी दुपारी दवाखान्यात वारला. नात तेव्हा नऊ दिवसांची होती.