सपाट दिसण्यापुरती हवा

मी बोलतेय ती एका पिकअपच्या पोटाखालून, मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या अंगाने. वाकून पाहिलंत तर दिसेन. काळ्या रबराची, दोन वळ्या पडलेली, मध्यम भोपळ्याएवढी. मी हवेची स्प्रिंग. मागे ट्रेलर जोडला की गाडीची शेपटी खाली बसते, ती उचलून धरायला मला कमानीच्या लोखंडी पाट्यांच्या जोडीला बसवतात. माझी जुळी बहीण डावीकडे आहे. ती अजून धडधाकट आहे, मी मात्र फाटले आहे.

कारखान्यात साच्यातून निघाल्यावर मला पाण्याच्या टाकीत बुडवलं आणि हवा भरून पाहिली. एकही बुडबुडा आला नाही, म्हणून पास केलं. त्या दिवशी मला वाटलं होतं, आपल्या हातून कधी कुणाची फसवणूक होणार नाही. नवेपणी सगळ्यांनाच असं काहीतरी वाटतं.

खोक्यातून मी निघाले ती नेब्रास्कात, ड्वेन ह्रुस्काच्या पत्र्याच्या शेडमध्ये. चारशे वस्तीचं गाव, चहूकडे मका. ड्वेनने तिथे चाळीस वर्षं वेल्डिंग केलं. नांगर मोडो, ट्रॅक्टर मोडो, चर्चची घंटा मोडो, माणसं ड्वेनकडे यायची. त्याला जोडता न येणारी एकच गोष्ट त्याच्या घरात होती, ती म्हणजे बायकोची फुफ्फुसं. लव्हॉनची फुफ्फुसं वर्षागणिक आखडत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं की इथला हिवाळा तिला सोसायचा नाही, थंडीचे महिने ॲरिझोनाच्या सखल, कोरड्या वाळवंटात काढा. तेव्हा दोघांनी घर विकलं आणि चाकांवरचं घर घेतलं. ते पिकअपला जोडलं तर गाडीचं नाक वर आणि शेपूट जमिनीला. म्हणून मी आले.

मला बसवलं त्या दिवशी लव्हॉन शेडमध्ये उलट्या बादलीवर बसली होती. नाकात ऑक्सिजनची नळी, मांडीवर कोलाच्यांची, म्हणजे खसखस भरलेल्या गोड पावांची, बशी आणि हातात माझ्या खोक्यातलं पत्रक. ड्वेनने चासी जॅकवर उचलली, अ‍ॅक्सल लोंबती सोडली, वरचा रबरी ठोकळा काढला आणि त्या जागी माझं बूड ठेवून पाहिलं.

"ड्वेन, आठव्या पानावर चौकटीत काहीतरी लिहिलंय. ऐक तरी."

"लोकांनी कागद वाचून बिघडवलेलं मी चाळीस वर्षं दुरुस्त करतोय."

"ह्यांचं म्हणणं असंय की गाडी सपाट राहील, पण तिची ओझं न्यायची कुवत होती तेवढीच राहील. एक पौंडानेही वाढायची नाही."

"वकिलांनी लिहिलंय ते. मोठा पाना दे."

"देते. पण तू ऐकलंस ना?"

"ऐकलं. आता पाना."

तिने पाना दिला. दोन तासांत आम्ही दोघी बसलो. नंबरप्लेटच्या शेजारी दोन व्हॉल्व्ह आले, एक माझा, एक बहिणीचा. ड्वेनने हवा भरली आणि जोडांवर साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. काम चोख होतं, त्यात मी खोट काढणार नाही. मग ट्रेलर जोडून त्याने साठ पौंड दाबाची हवा भरली, तशी गाडीची शेपटी उठत उठत नाकाच्या रेषेत आली.

त्या मुलखातल्या पुरुषांची एक रीत आहे. कुणी ट्रेलर जोडला की शेजारपाजारचे येतात, दहा पावलं मागे सरतात, एक डोळा बारीक करून गाडीकडे आडवं बघतात. गाडी सपाट दिसली की मान हलवतात आणि कॉफी प्यायला जातात. वजनबिजन कुणी विचारत नाही. त्या दिवशीही सगळ्यांनी माना हलवल्या. हलवली नाही ती एकट्या गेलनने. गेलन लव्हॉनचा धाकटा भाऊ, गावच्या धान्याच्या कोठारावर वजनकाट्याला होता.

"काट्यावर आण एकदा," तो म्हणाला. "मक्याच्या दोन ट्रकांच्या मध्ये घेतो तुला. दोन मिनिटांचं काम."

"गाडी बघ ना. टपावर पाण्याने भरलेला ग्लास ठेव, थेंब सांडायचा नाही."

"सपाट तर माझा काटासुद्धा आहे. म्हणून काय त्याच्यावर कधी ओझं नसतं?"

"तुझा जन्म काट्यावर गेला, गेलन. तुला सगळं जगच जड दिसतं."

माणसं हसली. गेलन आपल्या काट्याकडे परत गेला.

खरं वजन त्या अंगणात एकटीला माहीत होतं, ते मला. काट्याने सांगावं तितकं नेमकं माहीत होतं, कारण ते माझ्या छातीवर होतं. पण माझं कामच असं की जितका भार जास्त, तितकं मी तो दिसू द्यायचा नाही. पाट्यांना एकटं सोडलं असतं तर बिचारे वाकले असते आणि आंधळ्यालाही कळलं असतं. मी आले आणि ते कळणं बंद झालं. अ‍ॅक्सल तीच होती, बेअरिंग तीच, चासी तीच.

पहिले दोन हिवाळे बरे गेले, हे सांगायलाच हवं. वाळवंटात लव्हॉनला श्वास मिळाला. सकाळी ती नळी काढून ट्रेलरच्या पायरीवर बसायची आणि शेजारणीशी तासभर गप्पा मारायची. ड्वेनलाही तिथे मान होता. आम्ही थांबायचो त्या ट्रेलरांच्या तळावरच्या म्हाताऱ्यांचं काही ना काही मोडलेलं असायचं, आणि ड्वेनकडे वेल्डिंगचं मशीन होतं, जनरेटर होता, हत्यारांच्या दोन पेट्या होत्या. हे सगळं पिकअपच्या हौद्यात, म्हणजे थेट माझ्या डोक्यावर. हत्यारं नसती तर तो तिथे आजारी बायकोचा नवरा एवढाच उरला असता. ती भीती त्याने कुणाला बोलून दाखवली नाही. माझ्यावर मात्र दर वर्षी थोडी थोडी लादली.

तिसऱ्या वर्षी त्याने ऐरण घेतली. दीडशे पौंडांची, बापाच्या वेळची.

निघायच्या दिवशी लव्हॉन आपलं शिलाईचं मशीन घेऊन ट्रेलरच्या दारात उभी राहिली. ड्वेन म्हणाला, "ओझं होतंय गं. राहू दे गेलनकडे." तिने एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा हौद्यातल्या ऐरणीकडे. मग मशीन भावाच्या गाडीत ठेवून दिलं. आलुबुखाराच्या मुरांब्याच्या बरण्याही तिने वाटून टाकल्या. ड्वेनने मला नव्वद पौंड भरली. शंभराच्या वर मला सोसत नाही, हे त्या पत्रकात नवव्या पानावर होतं.

"बघ," तो मागे सरून म्हणाला. "रेषेत."

न्यू मेक्सिकोतल्या एका घाटात, पावणेआठ हजार फुटांवर, भर दुपारी आमचा घात झाला. आधी उजव्या चाकाची बेअरिंग रडायला लागली. मला ऐकू येत होतं, पण ड्वेनने रेडिओ लावला होता. मग ती जळाली, चाक कललं, अ‍ॅक्सल एका अंगाला ओढली गेली आणि मी चासीच्या धारेवर घासले. माझ्या खालच्या वळीला बोटभर चीर पडली. सगळं मागचं अंग धाडकन खाली बसलं.

बर्फ भुरभुरत होता. ड्वेन खाली उतरला, गाडीखाली आडवा झाला आणि बराच वेळ तसाच पडून राहिला. अर्ध्या गावाचं मोडलेलं नीट होईल इतकी हत्यारं त्याच्या हौद्यात होती. वाकलेली अ‍ॅक्सल आणि चिरलेली चासी त्यातल्या एकानेही नीट होणार नव्हती, आणि ते वाकवलं होतं त्या हत्यारांनीच. त्याला ते कळलं. माझ्यापासून हातभरावर त्याचं तोंड होतं, मी पाहिलं.

लव्हॉनचं ऑक्सिजनचं मशीन जनरेटरवर चालायचं. त्या उंचीवर जनरेटर दोनदा खोकला आणि बंद पडला. जवळ दोन छोटे सिलिंडर होते. रुग्णवाहिका यायला चार तास लागले, सिलिंडर तीन तासांचे निघाले. उरलेल्या तासाबद्दल मी काही सांगणार नाही. तिचा खोकला मला वरून ऐकू येत होता, आणि ड्वेन पुन्हापुन्हा एकच वाक्य म्हणत होता, "सावकाश घे, लव्हॉन, सावकाश घे."

ती वाचली. पण वाचली म्हणजे काय, तर डोंगरांच्या खोबणीतल्या एका छोट्या गावात, आजाऱ्यांच्या निवासात, खिडकीजवळच्या पलंगावर. त्या गावातून कुठेही जायचं तर आधी घाट चढावा लागतो, आणि डॉक्टर म्हणाले की तिला आता घाट नको, प्रवासच नको. निवासाच्या मागच्या रस्त्यापलीकडे एलॉयचं गॅरेज आहे. एलॉयने आम्हाला तिथे ओढून आणलं. भंगारातलं एक चाक बसवून आणि माझ्या चिरेवर ठिगळ चिकटवून गाडी उभी राहण्यापुरती केली आणि ड्वेनला सरळ सांगितलं, "काका, ही आता चालायची नाही. चासीच गेलीय."

ड्वेनने ट्रेलर सोडवला नाही. तो त्यातच राहतो. लव्हॉनच्या खिडकीतून आमची आख्खी बाजू दिसते, आणि ती रोज विचारते, गाडी झाली का. तो रोज सांगतो, झाली, तू जरा बरी हो की निघू. म्हणून गाडी निघायला तयार असल्यासारखी दिसायला हवी. रोज सकाळी तो एलॉयकडचा हातपंप घेऊन मागे बसतो आणि मला भरतो. सत्तर पौंड होईपर्यंत बहात्तर वर्षांच्या माणसाची छाती भाता होते. मग तो रस्ता ओलांडून तिच्याकडे जातो.

"त्यापेक्षा ती ऐरण उतरवा ना," एलॉय एकदा म्हणाला. "मी येतो हात लावायला. मागचं आपोआप उचलेल."

"तिला दिसेल."

"दिसू दे की. ऐरणीत काय दिसायचंय?"

"सामान उतरवताना दिसेल," ड्वेन म्हणाला.  एलॉयने त्याला हिरव्या मिरचीच्या रश्श्याची वाटी दिली आणि तो आत गेला.

पण चीर ती चीर. सकाळी भरलेली हवा माझ्यात दुपारपर्यंत टिकते. दीडनंतर मी बसायला लागते आणि दोनच्या सुमारास गाडी उजवीकडे, खिडकीच्याच बाजूला, लंगडी होऊन खाली येते. ड्वेन तेव्हा पलंगाशेजारी, खिडकीकडे पाठ करून बसलेला असतो. त्याला वाटतं, त्या वेळी लव्हॉन झोपलेली असते.

परवा निवासातली परिचारिका ओफेलिया एलॉयकडे आली होती, स्वतःच्या गाडीचं तेल बदलायला. माझ्याजवळच उभं राहून दोघं बोलत होते.

"त्या म्हाताऱ्याला सांग ना, नको भरत जाऊ," ती म्हणाली. "लव्हॉनला सगळं ठाऊक आहे. पहिल्या आठवड्यापासून."

"मग ती रोज विचारते कशाला?"

"त्याला 'झाली' म्हणता यावं म्हणून. पावणेदोनला ती मला हळूच खूण करते, पडदा ओढ म्हणून. त्याने वळून गाडी पाहायला नको. मग डोळे मिटून पडून राहते. तो म्हणतो, झोपली बिचारी."

एलॉयने हात पुसले. "तूच सांग की त्याला."

"तिने शपथ घातलीय," ओफेलिया म्हणाली. "डॉक्टरांनी फार तर महिना सांगितलाय तिचा. हे मी सांगितलं म्हणू नकोस."

म्हणजे एक महिना. त्यातला रोजचा एक तास तो माझ्यापाशी घालवतो आणि दुपार ती मिटल्या डोळ्यांनी घालवते. खरं बोलायला दोघांकडे उरलेला वेळ मीच खाते आहे. ड्वेन, मला भरू नकोस. पंप एलॉयला परत दे, रस्ता ओलांड, खुर्ची खिडकीकडे फिरव आणि दोघं मिळून मला खाली बसताना बघा. एवढंच मागणं आहे.

पण हे त्याच्या कानावर घालू कसं? मला आवाज एकच काढता येतो, चिरेतून हवा सुटल्याचा. आणि तो कानावर पडला की ड्वेन असेल तिथून उठतो आणि पंप आणायला जातो.