ओविदिओची चूक
चूक झाली ती दुसऱ्या अंकात, आणि ती कोणाची हे गास्पारे वेल्लानींना त्याच क्षणी कळलं होतं. कळलं नसतं तर एक वेळ त्यांना माफ करता आलं असतं.

रोक्काल्ताच्या किल्ल्यात दर उन्हाळ्यात उघड्यावर ऑपेरा होतो. दगडी पायऱ्यांवर तीन हजार माणसं, समोर रंगमंच, त्याखाली ऐंशी वादक आणि वादकांपुढे चौथऱ्यावर छडी घेतलेले वेल्लानी. उघड्यावर कानाचा भरवसा नाही. मागच्या तटाखाली उभ्या असलेल्या गायकवृंदाचा आवाज खालपर्यंत पोचेतो ठोका निघून गेलेला असतो. म्हणून पहिल्याच तालमीला वेल्लानींनी सगळ्यांना दम भरला होता.

"इथे कान घरी ठेवून यायचं. आवर्तनांची मोजणीबिजणी मला सांगायची नाही. फक्त माझा हात बघायचा. मी म्हटलं विहिरीत उडी मारा, तर मारायची."

"पाणी आहे का, एवढं तरी विचारू ना, माएस्त्रो?" मागून ओविदिओ म्हणाला.

सगळे हसले. वेल्लानी हसले नाहीत. हा ओविदिओ पहिला हॉर्न, म्हणजे त्या पितळी वाद्याच्या वादकांतला मुख्य. वय चौसष्ट, त्यातले अडतीस उन्हाळे याच किल्ल्यात गेलेले. व्यवस्थापिका लाविनियाबाईंच्या डोळ्यांत तो दोन वर्षांपासून सलत होता. त्याच्या जागी कोणीतरी तरुण आणायचा त्यांचा विचार होता, फक्त निमित्त मिळत नव्हतं.

किल्ल्यावर संध्याकाळी डोंगरावरून वारा उतरतो. वादक आपापल्या स्वरलिपीच्या कागदांना सरळ कपड्यांचे चिमटे लावतात, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. पहिल्या प्रयोगाला निवेसने, म्हणजे पहिल्या व्हायोलिनवालीने, चार चिमटे वेल्लानींपुढेही धरले.

"मी ऑपेरा चालवायला आलोय, बाई. धुणं वाळत घालायला नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसऱ्या अंकात तुरुंगातला नायक गात होता, वेल्लानी त्याच्याकडे बघत होते, आणि वाऱ्याने त्यांच्या स्वरलिपीच्या वहीची दोन पानं एकदम उलटली. त्यांनी खाली पाहिलं. हॉर्नची खूण दिसली. त्यांनी डावा हात उचलून थेट ओविदिओकडे बोट केलं. चार आवर्तनं आधी.

ओविदिओ आपली न वाजवायची आवर्तनं मोजत होता, अजून वेळ आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण हात आला. त्याने वाजवलं.

नायकाच्या हळव्या ओळीवर हॉर्न रेड्यासारखा ओरडला. नायक गोंधळला, शब्द विसरला, व्हायोलिनं अडखळली. वेल्लानींना सावरायला पाच-सहा आवर्तनं लागली. आणि ते सावरता सावरता त्यांनी काय केलं? ओविदिओकडे डोळे वटारून पाहिलं आणि सगळ्यांना दिसेल अशी मान हलवली. चोराच्या उलट्या बोंबा!

पायऱ्यांवरून शिट्ट्या सुरू झाल्या. इथे शिट्टीत कौतुक नसतं, शिट्टी म्हणजे शिवीच. "ए हॉर्नवाल्या, घरी जा!" कोणीतरी ओरडलं. ओविदिओची बायको पिया चौथ्या पायरीवर बसली होती. तिने पर्समधून रुमाल काढला आणि उगाचच चष्मा पुसत बसली.

मध्यंतरात लाविनियाबाई वेल्लानींच्या खोलीत आल्या. "हॉर्नच ना? मला वाटलंच होतं. आता पुरे झालं. तुमचं काय म्हणणं?"

खरं सांगून टाकायला एवढा वेळ मिळाला होता. पण पुढच्या वर्षीचा करार याच बाईंच्या हातात होता.

"वय झालंय त्याचं," वेल्लानी म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचीच किळस आली, पण शब्द मागे घेतले नाहीत. बाई गेल्या आणि दारात ओविदिओ उभा राहिला. दोघेतिघे ऐकत होते. "माझी चूक झाली, माएस्त्रो," तो मोठ्याने म्हणाला. मग जवळ येऊन हळूच, "अजून दोन अंक आहेत. आत्ता तुमच्या हातावरचा विश्वास उडाला तर सगळे कानाने वाजवायला लागतील, बट्ट्याबोळ होईल. आपण उद्या बोलू."

उद्या वेल्लानी स्वतःहून खरं बोलतील, असं त्या भल्या माणसाने गृहीत धरलं होतं. वेल्लानी "बरं" म्हणाले. पुढचे दोन अंक दृष्ट लागण्यासारखे झाले. लोकांनी फुलं दिली. रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी तालमीला आले तर फळ्यावर सूचना लागलेली होती. आजपासून पहिला हॉर्न दुसरा कोणी वाजवेल. ओविदिओची खुर्ची अजून रिकामी होती. वेल्लानी चौथऱ्यावर चढले. छडी खाली ठेवली.

"काल चूक ओविदिओंची नव्हती. मी इशारा चुकीचा दिला. आणि वर त्यांच्यावर डोळे वटारले."

कोणीही दचकलं नाही.

"ठाऊक आहे," निवेस म्हणाली. "ऐंशी जणांनी पाहिलं. हात बघा म्हणून तुम्हीच सांगितलं होतंत."

"मग काल कोणी बोललं का नाही?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो."

वेल्लानींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे काल फुलं घेताना, वाकून नमस्कार करताना, मागे ऐंशी माणसं गप्प बसून आपल्याला जोखत होती! ते तसेच लाविनियाबाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. करार जातो तर जाऊ दे. बाईंनी ओठ मुडपले आणि सूचना काढायला लावली. निवेस स्वतः जाऊन ओविदिओला घेऊन आली.

पण शिट्ट्या तर तीन हजारांसमोर झाल्या होत्या. म्हणून त्या संध्याकाळी छडी उचलण्याआधी वेल्लानी लोकांकडे वळले. काल आलेले बरेच जण आजही होते. त्यांनी मोठ्याने, एकही शब्द न गाळता सांगितलं. चूक माझी, शिट्ट्या माझ्या, ओविदिओंनी फक्त माझं ऐकलं.

आधी एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. लोक उभे राहिले. "ब्राव्हो माएस्त्रो! याला म्हणतात मोठं मन!" वेल्लानी हात हलवून थांबवत होते, ओविदिओकडे बोट दाखवत होते, तर टाळ्या आणखीच वाढत होत्या. आयुष्यात इतक्या टाळ्या त्यांना संगीतासाठी कधी मिळाल्या नव्हत्या. ओविदिओ खाली मान घालून हॉर्न पुसत होता. त्याच्याकडे कोणीही बघत नव्हतं.

प्रयोग संपल्यावर वेल्लानींनी त्याला वाटेत गाठलं. पिया बरोबर होती. ती दोन पावलं पुढे जाऊन उभी राहिली.

"मला हे असं नको होतं, ओविदिओ."

"असेल. पिया म्हणत होती, काल मला एक मिनिट शिट्ट्या, आज तुम्हाला चार मिनिटं टाळ्या. आणि चूक एकच." त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता.

"पण तुम्ही हंगाम पुरा कराल ना?" वेल्लानींनी जवळजवळ विनवलं.

"करेन की. माझी जागा आहे ती." ओविदिओने हॉर्नची पेटी खांद्यावर चढवली. "पण यापुढे मी मोजून वाजवणार, माएस्त्रो."

वेल्लानींनी मान डोलावली. ओविदिओने पियाचा हात धरला आणि दोघं पायऱ्या उतरून गेली.