येरळेला पाणी येईल तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा जादूगार आहे आणि मी वैतागलो आहे. फाटक्या छत्र्या आणि मोडकी बाकं तुम्हाला आपली कहाणी सांगतात, ती गोड आवाजात सांगतात आणि शेवटी हळूच रडतात. मला ते जमत नाही. मी आधीच सांगून टाकतो. मला काचेच्या कपाटात ठेवले आहे. आत उदबत्तीएवढा दिवा आहे. लोक येतात, वाकून बघतात, "अरे वा, अँटिक!" म्हणतात आणि जातात. मला हातात कुणी घेत नाही. तुमच्या करंगळीएवढा माझा जीव, पण त्याला कुलूप मात्र तिजोरीचे.

माझा जन्म कुठल्या तरी परक्या मुलखात झाला. शिसे आणि कथील वितळवून साच्यात ओतले आणि मी बाहेर पडलो. डोक्यावर उंच निमुळती टोपी, पायघोळ झगा, छातीपर्यंत दाढी, उजव्या हातात काठी आणि डावा हात वर उचललेला. झग्याला निळा रंग दिला. माझ्यासोबत एका खोक्यात एक तलवारवाला, थोडे फासे आणि एक इंग्रजी पुस्तक होते. तो एक खेळ होता. त्यात एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसे व्हायचे. आम्ही पुतळे म्हणजे ती माणसे. कोण कुठे उभा आहे हे कळावे, म्हणून आम्ही.

हे खोके फिरत फिरत कोचीनला पोचले. एका माणसाने आम्हाला चांदीचे समजून गलाईच्या दुकानात आणले. गलाई म्हणजे जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा. आपल्या विटा गावाच्या भागातली माणसे भारतभर हाच धंदा करतात. कोचीनचे ते दुकान नानासोंचे. त्यांनी मला उचलले, टोपीपासून कसोटीच्या दगडावर खसाखसा घासले आणि म्हणाले, "चांदी कसली! शिसं हाय नुसतं." तो माणूस रागाने खोके तिथेच टाकून गेला.

माझे आयुष्यातले पहिले कौतुक हे असे झाले. टोपीवर अजून चरा आहे.

नानासोंची मुलगी क्रांती इंग्रजी शाळेत जात होती. तिने खोके उचलले. पुस्तकाची निम्मी पाने गायब होती. जेवढे कळले तेवढे तिने वाचले आणि जेवढे नाही कळले तेवढे स्वतः रचले. सातवी झाल्यावर तिला गावी आणले, कारण पोरीची पुढची शाळा गावाकडेच व्हायची, असा घरचा रिवाज होता. गाव विट्याच्या बाजूचे, येरळा नदीच्या काठचे. खोके तिच्याबरोबर आले. तिथे तिला दोन खेळगडी मिळाले. एक तिचा चुलतभाऊ शिवतेज आणि दुसरा शेजारचा मानसिंग.

मळ्यात पाणी उपसणाऱ्या इंजिनाची खोली होती. तिच्या फरशीवर कोळशाने भुयारे, चौक आणि दरवाजे काढलेले असायचे. क्रांती पाण्याच्या पाइपवर बसून सांगायची. "दार ढकललंस. आत काळोख. घोंघों आवाज येतोय. काय करतोस?" मानसिंगला फौजेत जायचे होते, म्हणून तलवारवाला त्याचा. मी शिवतेजचा.

"ह्यो कोण?" पहिल्याच दिवशी मानसिंगने मला उलटा धरून विचारले.

"जादूगार," क्रांती म्हणाली.

"आगं, टोपी बघ की. वासुदेव हाय ह्यो!"

झाले. परक्या मुलखातला मी थोर जादूगार, एका क्षणात पहाटे दारोदार दान मागत गाणारा वासुदेव झालो. माझे मंत्र गेले. शिवतेज कुठल्याही बंद दारापुढे मला उभे करायचा, बोटांनी चिपळ्या वाजवायचा आणि दान मागायचा. मग वीस तोंडांचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर दार उघडायचे. सुरुवातीला माझे डोके फिरले. पण खोटे कशाला बोलू, मित्रांनो? त्या खोलीत मी जेवढा जगलो, तेवढा कुठेच जगलो नाही. माझ्यावर डिझेलचे डाग पडले, मी चिखलात पडलो, एकदा शेळीच्या तोंडातून परत आलो. मजा होती.

पंच्याण्णव सालचा मे महिना आला. जत्रेला नानासो कोचीनहून आले. शिवतेजची दहावीची परीक्षा झाली होती. जेवताना नानासो म्हणाले, "शिवाला ह्या टायमाला घिऊन जातो. भट्टीपुढं बसंल, हात बसंल." कुणी काही विचारले नाही. विचारायचेच नसते. तिकडची पोरे अशीच जातात. शिवतेजची आई बनाबाई पोळी उलटायची विसरल्या, एवढेच. त्यांचा नवरा पलटणीत होता, वर्षातून एकदा घरी यायचा. आता पोरगाही तसाच वर्षातून एकदा येणार.

इकडे मळ्यातली गोष्ट अर्धवट होती. आम्ही तळघरात अडकलो होतो. बाहेर पडायला एकच दार होते आणि ते वासुदेवानेच उघडायचे होते. क्रांतीने ठरवले होते की शिवा जायच्या आत गोष्ट संपवायची.

आणि नेमके तेव्हाच माझे नशीब फुटले. शिवतेज मला खिशात घेऊन दारालगतच्या सोप्यात झोपला आणि मी खिशातून घरंगळून उंबऱ्यापाशी पडलो. पहाटे बनाबाई झाडायला उठल्या. उंबऱ्यात उंच टोपी, वर उचललेला हात, जणू दारात आलेला वासुदेव. त्या तिथेच बसल्या. झाडू बाजूला ठेवला. मला पदराने पुसले आणि देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी नेऊन ठेवले. हळद, कुंकू, तुळशीचे पान. मला देव केला, हो! न विचारता!

शिवतेज उठला आणि बोंबलला. "आयं, त्यो आमचा हाय! खेळातला!"

"खेळातला? मग माझ्या दारात पहाटं कसा आला?"

"माझ्या खिशातनं पडला."

"खिशातनं का पडंना. आला का न्हाई?"

नानासोंनी देव्हाऱ्यात डोकावून बघितले आणि ते हसायला लागले. "वैनी, ह्येला मीच कसावर घासलाय. शिसं हाय शिसं."

"आवं भावजी, तुमी दागिन्याचं बघा. देवाचा कस काढू नगा."

"पर वासुदेवाला दाढी कवापास्नं आली?"

"वाढली आसंल बिचाऱ्याची. लांबनं आलाय."

एकदा कुंकू लागले की देव उचलता येत नाही, हे बनाबाईंचे ठाम मत. माझ्यापुढे त्या साखर ठेवत. मुंग्या यायच्या आणि माझ्या दाढीत शिरायच्या. कपाळाला गंध, नाकापर्यंत ओघळलेले. पाया पडायला येणारी बाई माझ्याकडे काय काय मागायची! मी शिसे. मी कुणाला काय देणार? मला एक दार उघडायचे होते, तेवढे सोडून सगळे माझ्याकडे मागत होते.

मळ्यातून बातम्या कानावर यायच्या, कारण पोरे देव्हाऱ्यासमोर बसूनच भांडायची.

"चिंचोका ठिवू की गड्या त्याच्या जागी," मानसिंग म्हणाला. "त्योच वासुदेव समजायचा."

"चिंचोक्याला टोपी हाय का?"

"समजायची रं!"

"मग तुझ्या तलवारवाल्याच्या जागी शेंगदाणा ठीव. ठिवतोस?"

तरी त्यांनी चिंचोका ठेवून बघितला. तो घरंगळला, तळघराच्या बाहेर गेला आणि म्हणे बिनफाशाचाच सुटला. क्रांती चिडून उठून आली. मोठी माणसे म्हणतात ना, पोरांना काय, काहीही चालते? काहीही चालत नाही. हे ज्याला कळत नाही तो कधी खेळलेला नाही.

शिवतेज जेवेना. त्याची पेटी भरली गेली, नवी चादर आली, बुटाची जोडी आली. तो त्यांच्याकडे बघेना. जायच्या आदल्या दिवशी बनाबाईंनी देव घासायला काढले. चिंच आणि राख घेऊन त्या परसात बसल्या आणि क्रांतीला हाक मारली.

"क्रांते, काय हाय गं एवढं त्या खेळात?"

क्रांतीने सांगितले. तळघर, बंद दार, वासुदेव. "दार उघडलं न्हाई, तर गोष्ट तितंच ऱ्हाती, काकी."

"ऱ्हाऊ दे की. पुन्यांदा शिवा आला की खेळा."

"पुन्यांदा आल्यावर त्यो खेळणार हाय व्हय? आमच्या दुकानातली पोरं बघितल्यात मी. वर्षात बाप्ये हुत्यात." क्रांतीने राखेत बोटाने रेघ ओढली. "मग त्यो तिकडं, अन् वासुदेव हितं तळघरातच."

बनाबाईंनी खंडोबाचा टाक घासला. अन्नपूर्णा घासली. मग मला घेतले. झग्याचा उरलासुरला निळा रंग चिंचेने गेला तो तेव्हाच. त्या माझी टोपी घासत होत्या, पाठ घासत होत्या, आणि मग त्यांचा अंगठा माझ्या उजव्या हातावर येऊन थांबला. काठीच्या हातावर. मित्रांनो, घासणारा अंगठा वेगळा असतो. हा घासत नव्हता. हा दाबत होता.

कट्.

"आगं बाई," बनाबाई सावकाश म्हणाल्या. "मोडला की."

नानासो ओसरीवरून आले. त्यांनी तुटका हात बघितला, वहिनींकडे बघितले. धातू कसा तुटतो हे त्या माणसाला कळत होते. "खंडित झाला," ते एवढेच म्हणाले. "खंडित देव पुजत न्हाईत."

"न्हाईच पुजत." बनाबाईंनी मला शिवतेजच्या हातात दिले. "जा. येरळेत सोडून यी."

शिवतेजचा चेहरा पडला. मग त्याच्या लक्षात आले. "आयं, मे म्हैना हाय. येरळेला पाणी कुठाय?"

"न्हाई व्हय?" बनाबाईंनी अन्नपूर्णेवर पाणी ओतले आणि वर बघितले नाही. "मग पाणी यील तवा सोड."

तिघे मळ्याकडे पळत सुटले.

मला तळघराच्या दारापुढे उभे केले. उजवीकडे नुसता खांदा. माझा तोल जात होता म्हणून मानसिंगने पायाखाली ओली माती लावली.

"काठी गेली तुझी," क्रांती म्हणाली. गोष्ट सांगताना ती नात्याची राहत नसे. "बिनकाठीचा काय करतोस?"

"दान मागतो," शिवतेज म्हणाला. त्याने बोटे वाजवली, दान मागितले आणि फासा टाकला. फासा पाइपला आपटला, फिरला आणि थांबला.

दोन.

"परत टाक रं," मानसिंग कुजबुजला. "ती न्हाई बघत."

"बघतीया," क्रांती म्हणाली. "फासा त्यो फासा. दार तुझ्यानं न्हाई उघडलं."

बाहेर पाटातले पाणी वाहत होते. क्रांती खाली मान घालून कोळशाने काढलेल्या त्या रेघेवर बोट फिरवत होती.

"पलीकडनं उघडलं," ती म्हणाली.

"पलीकडनं? कुणी?"

"बाई हाय एक. आवाज ऐकून उठली. सुपात दाणं घिऊन आलीया."

शिवतेजने मला उचलून रेघेच्या पलीकडे ठेवले. मग तलवारवाल्याला ठेवले. मग तो तोंड धुवायला म्हणून पाटाकडे गेला आणि बराच वेळ आला नाही.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर बनाबाईंनी खिडकीतून विचारले, "सोडलास का रं?"

"पाणी न्हाई गं, आयं."

"बरं," त्या म्हणाल्या. मी त्याच्या खिशात होतो. त्यांना माहीत होते. गाडी सुटली.

कोचीनला पहिली काही वर्षे मी बरा होतो. शिवतेज मला भट्टीच्या कट्ट्यावर ठेवायचा. दुपारी काम नसले की बोटांनी चिपळ्या वाजवायचा. जत्रेला गावी यायचा तेव्हा मी खिशात असायचो. क्रांती एकदा म्हणाली, "खेळायचं का?" तो म्हणाला, "आज न्हाई, उद्या." मग लग्न, दुकान वाढले, शिवतेजचा शिवतेजशेठ झाला. पोट आले. आणि एक दिवस हे कपाट आले. खाली मखमल. वर दिवा.

आता शेठ गिऱ्हाईकाला चहा पाजतात आणि माझ्याकडे बोट करून सांगतात, "आमच्या टायमाचे खेळ! आताच्या पोरांना काय कळणार?" डोळे ओले होतात त्यांचे. आणि त्यांची स्वतःची लेक म्हणाली, "पप्पा, मला दाखवा की," तर काय उत्तर? "हात लावू नको, मोडंल."

मोडेल! अरे, मोडलो म्हणून तर तुझे दार उघडले! तुझ्या आईने मला देव्हाऱ्यातून सोडवायला अंगठ्याने मोडले आणि तू मला पुन्हा देव्हाऱ्यात बसवलास. तिथे निदान साखर तरी होती. फासे कुठे आहेत? ते पुस्तक कुठे आहे? आठवणी काढून रडायला वेळ आहे आणि फरशीवर चार रेघा ओढायला नाही? क्रांती विट्यात आहे, तिचा नंबर तुझ्या फोनमध्ये आहे. तिला लाव आणि विचार, दारापलीकडे काय होते. तिने ते अजून सांगितलेले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला सगळे सांगतात. मी सांगत नाही. तुमच्या घरात कपाटात, माळ्यावर, काचेमागे जे कोणी उभे आहेत त्यांना खाली काढा. हरवले तर हरवू द्या, शेळीने चघळले तर चघळू द्या. आणि खेळायचे नसेल, तर मला माझ्या वाटेने जाऊ द्या. त्या मे महिन्यानंतर येरळेला कितीदा पाणी आले आणि गेले. मला सोडायचे कुणाला आठवले नाही.

माझा डावा हात अजून शाबूत आहे, वर उचललेला. तो बघून कुणाला हात जोडावेसे वाटले, तर जोडू नका. आधी माझा तो हात मोडा.